तुना साहेब तुले देखस का? घरून सॉफ्टवेअरचं काम चालतं कसं

लग्नानंतर पुण्याची नोकरी सोडून मी अमळनेरला आले आणि एका जर्मन कंपनीचं काम घरून करायला लागले. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "बेटा, तुना साहेब तुले देखस तरी का?" अहिराणीत विचारलं, म्हणजे तुझा साहेब तुला बघतो तरी का?

आबांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेली. सकाळी हजेरीच्या वहीत सही, मग ड्युटी, मग हिशोब. साहेबाच्या डोळ्यांसमोर असणं हाच त्यांच्या लेखी नोकरीचा पुरावा. आणि मी काय करते, तर खोलीचं दार लावते, दुपारी पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलते, संध्याकाळी दार उघडते. महिनाअखेर बँकेत पैसे येतात. मधलं काहीच कुणाला दिसत नाही. मी तेव्हा "हो, कॅमेऱ्यात दिसते ना" म्हणून वेळ मारून नेली. पण कॅमेरा दिवसाकाठी पंधरा मिनिटं चालतो. उरलेल्या सात-साडेसात तासांचं काय?

खरं उत्तर असं आहे की साहेब मला बघत नाही, माझं लिहिलेलं बघतो. हे आबांना पटवायला मला बरेच दिवस लागले. आता तोच प्रश्न जळगाव, शिरपूर, धुळे, नंदुरबारकडची इंजिनीअरिंगची मुलं-मुली विचारतात, त्यांचे आईवडील तर हमखास विचारतात. म्हणून नीट सांगते.

एक चूक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आमची कंपनी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. पेशंटला अपॉइंटमेंटच्या दिवशी सकाळी आठ वाजता आठवणीचा मेसेज जातो. एका नोव्हेंबरमध्ये तक्रार आली की मेसेज सात वाजता येतायत, लोकांची झोपमोड होतेय. ऑक्टोबरपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि मधल्या काळात कोडला कुणी हातही लावला नव्हता.

कारण घड्याळात होतं. युरोपात वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. उन्हाळ्यात जर्मनी जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, दोन तास पुढे असते आणि हिवाळ्यात एकच तास. कुणीतरी कोडमध्ये "दोन तास पुढे" हा आकडा कायमचा लिहून ठेवला होता. उन्हाळ्यात यूटीसीचे सहा म्हणजे तिकडचे आठ. हिवाळ्यात तेच यूटीसीचे सहा म्हणजे तिकडचे सात. आपल्याकडे घड्याळ कधी हलतच नाही, बारा महिने साडेपाच तास पुढे, त्यामुळे भारतात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ही शंका येत नाही. पण ती ओळ एका जर्मन सहकाऱ्यानंच लिहिलेली निघाली.

हे काम माझ्याकडे आलं ते फोनवरून नाही. एक चिठ्ठी आली, तिला आमच्याकडे तिकीट म्हणतात. त्यात तीन गोष्टी होत्या: काय घडतंय, काय घडायला हवं, आणि ते स्वतः करून बघायचं असेल तर कसं. मी तिकिटावर माझं नाव लावलं. आता टीममधल्या प्रत्येकाला दिसतं की हे काम अमळनेरच्या बाईकडे आहे. मग मी कोडची माझी प्रत घेतली, वेगळी फांदी काढली, म्हणजे मूळ कोडला धक्का न लावता काम करायची वेगळी वाट, आणि तिच्यात बदल केला. "दोन तास" हा आकडा काढून तिथे "युरोप/बर्लिन" हे वेळपट्ट्याचं नाव टाकलं. अशा नावांची आणि त्यांच्या नियमांची एक जगभर वापरली जाणारी यादी असते. आपल्या पट्ट्याचं नाव त्यात "एशिया/कोलकाता" आहे. कुठे कधी घड्याळ सरकतं हे त्या यादीला माहीत असतं, आपण आकडा पाठ करायची गरज नसते.

बदल होता एकाच ओळीचा. पण सोबत मी एक चाचणी लिहिली, ज्यात संगणक एक तारीख जुलैची घेतो, एक डिसेंबरची, आणि दोन्ही वेळा मेसेज आठलाच जातो का ते तपासतो. मग ते सगळं टीमपुढे मंजुरीला ठेवलं. याला पुल रिक्वेस्ट म्हणतात.

इथे आबांना समजेना, तेव्हा मी सातबाऱ्याचं उदाहरण दिलं आणि गाडी रुळावर आली. शेताच्या नोंदीत बदल करायचा तर कुणी सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाही. तलाठी फेरफार नोंदवतो, गाव नमुना सहामध्ये. कुणाचा बदल, कशाच्या आधारे, कोणत्या तारखेला, सगळं लिहिलेलं. नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. आमची फेरफार नोंदवही म्हणजे गिट. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का, हे तिच्यात राहतं. पुल रिक्वेस्ट म्हणजे मंजुरीआधीचा फेरफार. जो सहकारी तो तपासतो तो आमचा मंडळ अधिकारी. फरक इतकाच की ही वही एका कार्यालयात नसते, टीममधल्या प्रत्येकाच्या संगणकावर तिची पूर्ण प्रत असते.

गिट लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये बनवलं, लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या कामासाठी. लिनक्सवर १९९१ पासून निरनिराळ्या देशांतली माणसं एकमेकांचं तोंड न बघता, ईमेलवर कोड पाठवून काम करत होती. म्हणजे घरून काम ही मार्च २०२० च्या लॉकडाऊनची देणगी नाही. पद्धत आधीच तयार होती, लॉकडाऊननं कंपन्यांना तिच्याकडे बघायला लावलं एवढंच.

माझ्या बदलाकडे परत येते. मंजुरीला ठेवताना त्याबरोबर वर्णन लिहावं लागतं. "बग फिक्स केला", म्हणजे चूक दुरुस्त केली, एवढं लिहून मोकळं होता येतं आणि नवीन पोरं तसंच करतात. मी लिहिलं ते असं, अर्थात इंग्रजीत: "हिवाळ्यात आठवणीचे मेसेज एक तास लवकर जातात, कारण वेळेतला फरक कोडमध्ये पक्का लिहिलेला आहे. आता वेळपट्ट्याचं नाव वापरलं आहे. दोन्ही ऋतूंसाठी चाचणी जोडली आहे. आधीच रांगेत लागलेले उद्याचे मेसेज या बदलानं दुरुस्त होणार नाहीत, ते वेगळे काढून पुन्हा रांगेत लावावे लागतील. तसं करू का?"

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. ती वाचून तपासणाऱ्यानं उत्तर दिलं, "हो, करा, आणि ऑस्ट्रियाच्या दवाखान्यांचंही बघा." तोवर मी जेवून झोपलेसुद्धा होते. सकाळी उठून वाचलं, काम केलं. संगणकानं साऱ्या चाचण्या आपोआप चालवल्या, सहकाऱ्यानं मंजुरी दिली, बदल मुख्य कोडमध्ये गेला आणि तासाभरात दवाखान्यांपर्यंत पोचला. या सगळ्यात आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तरी सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ही ओळ अशी का आहे, तर उत्तर तिथेच सापडेल.

आबांना आता हे इतकं अंगवळणी पडलंय की संध्याकाळी विचारतात, "आज फेरफार मंजूर झाला का?"

गप्प राहण्याची किंमत

हे मला पहिल्या दिवसापासून जमलं असं नाही. कामाला लागून दोन महिने झाले होते. पैसे भरण्याच्या भागात एक काम मिळालं आणि मी अडकले. अडीच दिवस अडकले. कुणाला सांगितलं नाही. मनात एकच, की विचारलं तर यांना वाटेल हिला येत नाही. रात्री दोनपर्यंत बसत होते. तिसऱ्या दिवशी टीमच्या प्रमुखाचा मेसेज आला, अगदी सभ्य शब्दांत: तुम्ही सुट्टीवर आहात का?

मी ढसाढसा रडले. तीन दिवसांत चाळीस तास काम केलं आणि समोरच्याला वाटलं मी जागेवरच नाही. पण त्याचं तरी काय चुकलं? ऑफिसात माणूस डोकं धरून बसलेला दिसतो, कुणीतरी चहा प्यायला बोलावतं, बोलता बोलता विषय निघतो. इथे मी डोकं धरून बसले होते ते फक्त भिंतीला दिसत होतं. मी लिहिलं नाही म्हणजे मी नव्हतेच.

तेव्हापासून माझा नेम आहे. तासभर अडकले की लिहायचं: काय करायचा प्रयत्न करतेय, काय काय करून पाहिलं, नेमकं कुठे थांबलेय, माझा अंदाज काय. हे चार मुद्दे लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर मलाच सापडतं. उरलेल्या वेळी कुणीतरी एका ओळीत सांगून जातं. आणि दिवस संपताना तीन ओळी: आज काय झालं, उद्या काय करणार, कशाची वाट बघतेय. मी कामाला बसले होते याचा पुरावा ह्या तीन ओळी. काही कंपन्या माणसाच्या संगणकात स्क्रीनचे फोटो काढणारं, माउस हलतोय का ते मोजणारं सॉफ्टवेअर बसवतात. मला ते अपमानास्पद वाटतं, आणि त्यातून काम कळतही नाही, हात हलतोय एवढंच कळतं. अशी अट घालणारी कंपनी दुसरा पर्याय असेल तर टाळावी.

आता इंग्रजीचं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आपल्या मुलांना सर्वांत मोठी भीती हीच असते आणि मला तिचं फार वाईट वाटतं, कारण हुशार पोरं केवळ त्यापायी अर्ज करत नाहीत. या कामाला लागतं ते लिहिण्यावाचण्याचं साधं इंग्रजी. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांची मातृभाषा इंग्रजी नाही. जर्मन माणूस, पोलिश माणूस आणि अहिराणी बोलणाऱ्या घरातली बाई एकमेकांना लिहितात तेव्हा अलंकारिक इंग्रजी अडचणच करतं. बोलताना अडखळलं तरी चालतं, नंतर लिहून पक्कं करता येतं. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, तो आपल्या बाजूचा आहे.

वेळेचं गणित

जर्मनीचं काम मला सोयीचं पडतं ते अंतरामुळे. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. त्यांची सकाळी दहाची मीटिंग म्हणजे माझे दुपारचे दीड किंवा अडीच. म्हणजे सकाळी मला चार-पाच तास एकदम शांत मिळतात. त्यांचा दिवस सुरू होईपर्यंत माझं अवघड काम उरकलेलं असतं.

अमेरिकेचं तसं नाही. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिथली सकाळची दहाची मीटिंग इकडे संध्याकाळी साडेसात किंवा रात्री साडेआठला. कॅलिफोर्निया त्याहून तीन तास मागे. शिवाय अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतं, युरोपाचं वेगळ्या रविवारी, म्हणून वर्षातले तीन-चार आठवडे तर सगळ्यांच्याच मीटिंगा गोंधळतात. काम घेण्याआधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा: रोज किती तास आपल्या दोघांचा दिवस एकमेकांवर आला पाहिजे? दोन-तीन तास म्हणाले तर निभतं. पूर्ण आठ तास म्हणाले तर ती रात्रपाळी आहे, तिला रात्रपाळीच म्हणा आणि पैसेही तसे मागा. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं वर्षभर रात्री तीनपर्यंत काम केलं. घरच्यांशी बोलणं तुटलं, पित्त कायमचं मागे लागलं, आणि वाईट हे की त्या कंपनीला त्याची रात्र हवी होती असंही नाही. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

वीज, नेट आणि आपलं ऊन

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आमच्या अमळनेरलाही फार उसंत नसते. त्यातच पावसाळ्याआधीची वादळं. ज्या वाऱ्यानं यावल-रावेरकडच्या केळी आडव्या होतात त्याच वाऱ्यानं विजेच्या तारा तुटतात. म्हणून घरून काम करायचं तर पहिला खर्च लॅपटॉपवर करू नका, इन्व्हर्टरवर करा.

हिशोब सोपा आहे. बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास) आणि १२ व्होल्टची म्हणजे गुणाकारानं १,८०० वॅट-तास. त्यातले इन्व्हर्टरमध्ये काही वाया जातात आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, तेव्हा हाताशी हजार-अकराशे धरा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, जुना पंखा ७५. बेरीज १५५, म्हणजे साडेसहा-सात तास. पंखा बीएलडीसी लावला तर तो तीसेक वॅटवर चालतो आणि तीच बॅटरी नऊ-साडेनऊ तास जाते. पंख्याऐवजी कूलर जोडला तर जेमतेम चार तास. म्हणून दुपारी लाइट गेली की आमच्याकडे कूलर बंद होतो, माठाचं पाणी आणि ओला पंचा. बॅटरीलाही ऊन सोसत नाही, गच्चीच्या जिन्यात तापत ठेवली तर लवकर मरते. घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत जा. मे महिन्यात मी साडेपाचला कामाला बसते. अकरापर्यंत डोकं चालतं, पुढे खोली भट्टी होते, लॅपटॉपही तापून मुद्दाम संथ चालतो.

नेटबद्दल लोक फक्त वेग विचारतात. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, कोड पाठवायला त्याहून कमी. वेग नव्हे, सातत्य विचारा. कनेक्शन घेताना केबलवाल्याला एक प्रश्न करा: गल्लीतली लाइट गेली तर खांबावरचा तुमचा डबा बंद पडतो का? खऱ्या फायबरच्या जोडणीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत मधे वीज लागतच नाही. खांबावर प्रकाश वाटून देणारा काचेचा तुकडा असतो, तो विजेशिवाय चालतो. घरचा डबा इन्व्हर्टरवर आणि त्यांच्या एक्स्चेंजला बॅकअप, एवढं असलं की गाव अंधारात असलं तरी तुमचं नेट चालू. काही ठिकाणी मात्र खांबावर विजेवर चालणारे स्विच बसवलेले असतात. गल्लीची लाइट गेली की ते बंद, मग घरी कितीही मोठा इन्व्हर्टर असो. जोडीला वेगळ्या कंपनीचं मोबाइल सिम ठेवा, आणि ते घराच्या कोणत्या खिडकीत चांगलं चालतं ते आधीच बघून ठेवा, मीटिंगच्या मध्यावर नको.

एक शंका नेहमी येते, की इतक्या लांबून काम हळू चालत असेल. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई, मुंबईहून समुद्रातल्या केबलनं युरोप आणि परत, या फेरीला सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाइतका वेळ लागतो. कोड लिहिताना तो जाणवतही नाही.

पैसे कसे येतात आणि त्यातलं आपलं किती

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. परदेशी कंपनीचं काम मिळालं म्हणजे नोकरी लागली असं घरचे धरतात. बहुतेक वेळा तुम्ही नोकर नसता, कंत्राटदार असता. कंपनीचं भारतात कार्यालय नसेल तर दोनच रस्ते असतात. एक, भारतातली तिसरी कंपनी तुम्हाला कागदोपत्री नोकरीवर ठेवते, पगार देते, पीएफ कापते, आणि त्याचे पैसे परदेशी कंपनीकडून घेते. दुसरा, तुम्ही दर महिन्याला स्वतः बिल पाठवता. माझं दुसऱ्या प्रकारचं आहे.

पैसे बँकेत येतात तेव्हा बँक विचारते, कशाचे? त्याला रिझर्व्ह बँकेचे ठरलेले कोड आहेत, सॉफ्टवेअर सल्लामसलतीचा पी०८०२. तो नीट लिहिला जातोय ना ते बघा आणि परदेशातून पैसे आल्याची पावती दर वेळी बँकेकडून मागून जपून ठेवा. आणि दर बघा. त्या दिवशीचा युरोचा बाजारभाव आणि बँकेनं तुम्हाला दिलेला भाव यांत फरक असतो, वाटेतल्या बँकाही थोडे कापतात. वर्षभरात ही रक्कम चांगली जाणवण्याइतकी होते. दोन-तीन मार्गांनी एकेकदा पैसे मागवून हातात किती पडतात त्याची तुलना करा.

परदेशी कंपनी सहसा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापत नाही, कर आपणच भरायचा. लहान व्यावसायिकांसाठी कायद्यात एक सोपी वाट आहे, जिला सगळे कलम ४४एडीए म्हणून ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे सीएशी बोलताना "प्रोफेशनलची अंदाजित उत्पन्नाची पद्धत" असं म्हणा, त्याला कळेल. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असली, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. वर्षाला १८ लाख आले तर उत्पन्न नऊ लाख. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे इथे कर नाही. रिटर्न मात्र भरायचंच. कर बसत असेल तर या पद्धतीत सगळा ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो, ती तारीख पुष्कळ जण विसरतात. आणि निम्मी ही किमान मर्यादा आहे. तुमचं खरं उत्पन्न त्याहून जास्त दाखवायचं असेल तर दाखवता येतं, कमी दाखवायचं तर वह्या आणि ऑडिट आलं.

जीएसटी: वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा ही निर्यात असते आणि निर्यातीवरचा दर शून्य. पण तो शून्य मिळवायला दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र ऑनलाइन भरावं लागतं. फी नाही, दहा मिनिटांचं काम. ते राहिलं तर १८ टक्के आधी भरा आणि मग परतावा मागत बसा.

बिलाचा आकडा बघून पुण्याच्या पगाराशी तुलना करू नका. कंत्राटदाराला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारी पडलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, करारात लिहून घेतलं नसेल तर. आरोग्य विमा स्वतःचा. नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांपर्यंत पगारी प्रसूती रजा मिळते. माझ्यासारखी स्वतः बिल पाठवणारी कंत्राटदार बाई असेल तर तिला तो कायदा लागू होत नाही. मला हे सहाव्या महिन्यात कळलं, तोवर करारावर सही झालेली होती. मी कंपनीशी बोलले, त्यांनी आठ आठवडे पगारी मान्य केले. भले लोक म्हणून मान्य केले, कायदा म्हणून नाही. पोरींनो, सही करण्याआधी हे विचारा. विचारलं म्हणून काम हातचं गेलं तर ते काम तसंही पुढे जड गेलं असतं. आलेल्या प्रत्येक बिलातून तीसेक टक्के मी वेगळ्या खात्यात टाकते: कर, विमा, पेन्शन, आणि काम सुटलं तर सहा महिन्यांचं किराणा.

"ती घरमाच शे"

वीज, नेट, कर, सगळ्याला उपाय सापडला. सर्वांत वेळ गेला तो एका वाक्यापायी: "ती घरमाच शे, तिले सांगा." म्हणजे ती घरातच आहे, तिला सांगा. गॅसवाला आला, घरमाच शे. पाहुणे आले, घरमाच शे. कानबाईच्या रोटांच्या वेळी, म्हणजे आमच्या खान्देशातल्या सणाला, तर माझी मीटिंग ही कुणाच्या गणतीतच नव्हती. यात कुणाचा दुष्टावा नाही. जे काम दिसत नाही ते काम मोजलं जात नाही, बायकांच्या कामाचं तर पिढ्यान्‌पिढ्या असंच झालेलं आहे.

मी दोन गोष्टी केल्या. महिन्याचा मीटिंगचा तक्ता मराठीत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. आणि सासूबाईंना एक दिवस शेजारी बसवून, काम करताना काय करते ते बोलून दाखवत गेले, अगदी त्या सात वाजताच्या मेसेजच्या गोष्टीसकट. दोन तास बसल्या. उठताना म्हणाल्या, आमच्यासारखंच आहे की, वरण उतू गेलं की कळतं, नाही गेलं तर कुणाला कळत नाही. आता माझं दार लावलेलं असलं की पाहुण्यांना त्याच सांगतात, ती ड्युटीवर आहे.

कुठून सुरुवात करायची

मी स्पष्ट सांगते, कॉलेजातून निघाल्याबरोबर पहिलंच काम घरून मिळवणं अवघड आहे आणि मिळालं तरी मी लगेच घ्या म्हणणार नाही. पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी शेजारी बसून शिकण्याची असतात. पुणे, नाशिक, जिथे मिळेल तिथे जा. चांगला सीनियर अडचण कशी फोडतो हे बघण्यानं जे येतं ते व्हिडिओनं येत नाही. मग परत या. गावात बसून हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी विप्रोची आठवण करून देते. १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती आमच्या अमळनेरातच सुरू झाली, सॉफ्टवेअर तर पुष्कळ नंतर आलं.

ज्यांना जाणं शक्यच नाही, घरची शेती आहे, म्हातारे आहेत, लहान मूल आहे, त्यांच्यासाठी ओपन सोर्सची वाट खरी आहे. जगभर वापरलं जाणारं पुष्कळ सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं ठेवलेलं आहे, त्याची फेरफार नोंदवही कुणालाही वाचता येते. रोज एक पुल रिक्वेस्ट वाचा: काय विचारलं, काय उत्तर आलं, कुणाची हरकत का मान्य झाली. महिनाभर नुसतं वाचा. मग एखादी लहान चूक शोधा, माहितीपत्रकातली चुकीची ओळ असली तरी चालेल, आणि ती दुरुस्त करून मंजुरीला पाठवा. पहिली बहुधा परत येईल, दुरुस्त्या सांगून. त्या करून पुन्हा पाठवा. काम देणारा तुमच्या मार्कशीटच्या आधी हेच उघडून वाचतो, कारण तुम्ही अडचणीत कसं लिहिता हे त्याला तिथे दिसतं. हल्ली एआय कोड लिहून देतं, वापरा, मीही वापरते. पण मंजुरीच्या वेळी "ही ओळ अशी का?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आहे, आणि उत्तर तुमच्याकडे हवं.

आणि कामासाठी आधी पैसे मागणारा माणूस, मग तो ट्रेनिंगचे म्हणो, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे म्हणो की रजिस्ट्रेशनचे, काम देणारा नसतो. टेलिग्रामवर इंटरव्ह्यू घेऊन तासाभरात ऑफर लेटर पाठवणाऱ्याला आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी आईच्या सोन्यावर काढलेले पैसे दिलेत. फसला असाल तर लाजू नका, त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी ते पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.